नावाजलेली असूनही तुम्हाला वाजवायला आवडत नाही अशी गिटार कोणती? का?

माझ्यापुरती ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची अकूस्टिक गिटार. आवाजाबद्दल तक्रार नाही. स्ट्रमिंग करत गाणाऱ्याला तिची साथ फार छान मिळते. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये हा आकार काढला तोच भरदार आवाजासाठी, आणि नावही युद्धनौकेचं दिलं. पण मी बसून, बोटांनी वाजवतो. जवळपास १६ इंच रुंद आणि वर जाड अशी ती बॉडी मांडीवर घेतली की उजवा खांदा उचललेलाच राहतो. कड कोपराखाली रुतते, थोड्या वेळात करंगळीला मुंग्या येतात. शिवाय खर्ज इतका दणकट की बारीक दोन तारांवरची नाजूक चाल त्यात बुडून जाते. ऑडिटोरियम या जरा लहान आकाराची घेतल्यापासून मी सुखात आहे.

इलेक्ट्रिकमध्ये गिब्सन कंपनीची एसजी. बॉडी हलकी असल्याने पट्टा लावून उभं राहिलं की नेक खाली झुकते, आणि डावा हात सुरांऐवजी तिलाच सावरत बसतो.

मात्र नागपूरकरांनो, नावड पक्की करण्याआधी ऋतू बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की कोरड्या हवेने फ्रेटबोर्ड (तारांखालची लाकडी पट्टी) आकसतो, फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ॲक्शन, म्हणजे फ्रेटबोर्डपासूनची तारांची उंची, वर चढते. दोष गिटारचा नसतो, सेटअप (तारा आणि नेकची जुळणी) करून घ्या. आणि सीताबर्डीच्या बाजारात नवी बघायला गेलात तर घरी जसे बसता तसंच बसून निदान अर्धा तास वाजवा.