नव्या स्टेपलरची चाचणी : सही करण्याआधीचे प्रश्न

जठरावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या नव्या उपकरणांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक एकाच उपकरणाविषयी आहेत : स्टेपलर. लहानशा छेदातून आत जायचं, जठर कापायचं आणि कापता कापताच दोन्ही कडा धातूच्या बारीक टाचण्यांनी बंद करायच्या, हे त्याचं काम.

प्रश्न : वडिलांच्या जठराचा काही भाग काढायचा आहे. सर्जननी नव्या स्टेपलरच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलं. आई म्हणते, आपल्या माणसावर प्रयोग नको. काय करावं?

आईचं म्हणणं चुकीचं नाही. चाचणी म्हणजे प्रयोगच. तो नैतिकता समितीच्या मंजुरीनं, सांगूनसवरून आणि रुग्णाच्या सहीनं होतो. पण माणसापर्यंत पोचण्याआधी उपकरणाची बरीच परीक्षा झालेली असते, ती कशी होते ते समजून घ्या.

जठराची भिंत सगळीकडे सारखी नसते. आतड्याच्या दिशेचा खालचा भाग जाड, वरचा घुमटासारखा भाग पातळ. मिटलेल्या टाचणीची उंची साधारण एक ते दोन मिलिमीटर. जाड भागात आखूड टाचणी मारली तर ती धड वळत नाही किंवा ऊतीला चिरडते. पातळ भागात उंच टाचणी मारली तर कडा घट्ट बसत नाहीत आणि रक्त किंवा जठरातला रस झिरपतो. म्हणून प्रयोगशाळेत वेगवेगळ्या जाडीच्या ऊतींवर स्टेपलर चालवून पाहतात. शिवलेल्या भागात रंगीत पाणी किंवा हवा भरत दाब वाढवत नेतात आणि किती दाबाला तो फुटतो हे मोजतात. निर्जंतुकीकरण, धातू शरीराला मानवतो का, मोटर असेल तर विजेची सुरक्षितता, या सगळ्याच्या चाचण्या वेगळ्या.

त्यानंतर प्राण्यांवर, बहुधा डुकरांवर. त्यांचं जठर आकारानं आपल्या जवळचं आहे. शस्त्रक्रियेनंतर प्राण्याला काही आठवडे जगवून जखम कशी भरते ते पाहतात, कारण शिवण पहिल्या दिवशी मजबूत असते आणि पुढच्या काही दिवसांत, नवी ऊती तयार होईपर्यंत, उलट कमजोर होते. माझ्या मते कागदपत्रांत सर्वांत लक्ष देऊन वाचायचा भाग इथे येतो. डुक्कर तरुण आणि धडधाकट असतं. तुमचे वडील कदाचित अशक्त असतील, वजन घटलेलं असेल, मधुमेह असेल, आधी केमोथेरपी झालेली असेल. तेव्हा सर्जनना विचारा : वडिलांसारख्या किती रुग्णांवर हा स्टेपलर वापरला गेला आहे? ‘अजून एकावरही नाही’ हेही प्रामाणिक उत्तर आहे. त्यावर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात काही कमी होता कामा नये.

प्रश्न : माहितीपत्रकात लिहिलंय, ‘१०० रुग्णांत एकही गळती नाही’. मग धोका शून्यच झाला ना?

नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. ‘न’ रुग्णांत एखादी गोष्ट एकदाही घडली नाही, तर तिचं खरं प्रमाण ३ भागिले ‘न’ एवढं असू शकतं, हे ९५ टक्के खात्रीनं धरायची वरची मर्यादा. म्हणजे १०० रुग्णांत शून्य गळती याचा अर्थ खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० रुग्णांत शून्य असेल तर १ टक्क्यापर्यंत.

आता तुलना करा. वजन कमी करण्यासाठी जठराची नळी करतात त्या शस्त्रक्रियेत मोठ्या रुग्णसंख्येच्या अहवालांत गळतीचं प्रमाण साधारण १ ते २ टक्के दिसतं. म्हणजे पत्रकातल्या शून्यावरून नवा स्टेपलर जुन्यापेक्षा चांगला आहे की वाईट, काहीच ठरत नाही. २ टक्क्यांचं १ टक्का झालं हे दाखवायचं तर प्रत्येक गटात दोन हजारांहून अधिक रुग्ण लागतात. एवढी मोठी चाचणी क्वचितच होते. म्हणून उपकरण बाजारात आल्यावरही नोंदी ठेवत राहणं चाचणीइतकंच महत्त्वाचं.

आणखी एक : रुग्णांवर किती दिवस लक्ष ठेवलं होतं? गळती बऱ्याचदा रुग्ण घरी गेल्यावर लक्षात येते. रुग्णालयातून सुटी मिळाली त्याच दिवशी हिशेब बंद केला असेल तर त्या शून्याला फारशी किंमत नाही. (पत्रकातलं ‘अत्याधुनिक’ हे विशेषण मी वाचतच नाही.)

प्रश्न : औषधांच्या चाचणीत काहींना खोटी गोळी देतात. इथे तसं का करत नाहीत?

जठर तर कापायचंच आहे, त्यामुळे खोटी शस्त्रक्रिया करायचा प्रश्नच येत नाही. तुलना नव्या आणि जुन्या स्टेपलरमध्ये होते. कोणाला कुठला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडतात. रुग्णाला ते कळू न देणं शक्य असतं, नंतरचं स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरलाही. सर्जनच्या हातात मात्र उपकरण असतं, त्याच्यापासून काय लपवणार? त्यात जुना स्टेपलर त्यानं वर्षानुवर्षं वापरलेला, नवा आत्ता हातात आलेला. पहिल्या काही शस्त्रक्रियांत दोष उपकरणाचा की सरावाचा, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून चाचणीत भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जनचा सराव मुख्य मोजणी सुरू होण्याआधी झालेला असावा. त्याबद्दल बेलाशक विचारा. चांगला सर्जन रागावत नाही.

प्रश्न : मध्येच यंत्र अडकलं तर?

जुना स्टेपलर टेबलावर तयार असला पाहिजे. जबडा ऊतीवर मिटून अडकला तर तो हातानं सोडवायची सोय हवी, आणि प्रयोगशाळेत ती मुद्दाम अडकवून तपासलेली हवी. शेवटचा मार्ग म्हणजे पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करणं. ही शक्यता संमतीपत्रात नसेल तर लिहून घ्या.

प्रश्न : मी शस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर आहे. स्टेपलर इतकी वर्षं वापरात आहेत. मग एवढी कडक चाचणी आता का?

जुनं म्हणजे तपासलेलं असं आपण धरून चालतो. १९०८ मध्ये बुडापेस्टला ह्यूमेर हुल्टल यांनी जठराच्या शस्त्रक्रियेत पहिला स्टेपलर वापरला. तो काही किलो वजनाचा होता. पुढे उपकरण हलकं झालं, दुर्बिणीसोबत आत जाऊ लागलं. पण अमेरिकेत शरीराच्या आत वापरायचे स्टेपलर बराच काळ सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात होते, म्हणजे बहुतेकांना बाजारात येण्याआधी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची छाननी लागत नसे. २०१९ मध्ये याच प्रशासनानं सांगितलं की २०११ ते मार्च २०१८ या काळात स्टेपलर आणि टाचण्यांबद्दल ४१ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यात ३६६ मृत्यूंच्या नोंदी होत्या. प्रत्येक मृत्यू उपकरणामुळेच झाला असं यातून सिद्ध होत नाही. पण शिवण उघडणं, टाचणी नीट न वळणं, चुकीच्या उंचीची टाचणी निवडणं अशा तक्रारी त्यात वारंवार होत्या. २०२१ मध्ये वर्ग बदलला. त्यामुळे तुमच्या विभागात टाचणी वळली नाही तर ‘आपलाच हात चुकला’ म्हणून सोडू नका, लेखी नोंद करा. टाचण्या भरलेलं स्टेपलरचं काडतूसही फेकू नका.

प्रश्न : सही केल्यावर माघार घेता येते का? आणि त्या टाचण्या आतच राहतात?

माघार कधीही घेता येते, कारण न देता. शस्त्रक्रिया झाल्यावर टाचण्या मात्र परत काढत नाहीत. त्या बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि त्यांच्यामुळे सहसा एमआरआय अडत नाही. चाचणीतली टाचणी दुसऱ्या धातूची किंवा विरघळणारी असेल तर तसं लेखी घ्या आणि उपकरणाचं नाव व बॅच क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. चाचणी सोडलीत तरी तपासणीच्या तारखा चुकवू नका. मधल्या काळात ताप आला, पोट दुखू लागलं किंवा नाडी जलद लागली तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.