टाक्याच्या मोटरला ऑटो लावू नका

भाऊ, शेतातल्या घरापुढे पोट्ट्यांसाठी पोहायचं टाकं बांधताय, तळाला एकच ओढनळी (मोटर पाणी खेचते ती नळी) आहे आणि मिस्त्री म्हणतो "वरून जाळी ठोकली की झालं", हे वाचून राहवलं नाही. मीही हेच ऐकून मान डोलावली होती.

मी इंजिनिअर नाही, कापूस-तूर पिकवणारा माणूस आहे. पाइपाची मापं जाणकाराकडूनच काढा.

विहिरीवरची जुनी ५ एचपीची मोटर मी फिल्टरला जोडली, तीही ऑटोसकट, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्विचसकट. आपल्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून शेतात ऑटो लागतोच. टाक्याला तो लावला ही माझी सगळ्यात मोठी चूक. मे महिन्यातली दुपार, लाइन गेलेली, पोरं निवांत डुंबत होती. भाची बुडी मारून तळाचं नाणं शोधत होती. तेवढ्यात लाइन आली, ऑटोनं मोटर सुरू केली आणि भाचीची वेणी ओढनळीवर ठोकलेल्या न्हाणीच्या जाळीतून आत खेचली गेली. पाणी जेमतेम साडेतीन फूट. स्टार्टर मात्र विहिरीजवळच्या खोलीत. सालगड्यानं धावत जाऊन तो बंद केला, तरी केस सुटेनात. शेवटी विळ्यानं वेणी कापली. पोरगी वाचली. नंतर जाळी खोलली तर मागे केसांची मुठीएवढी गाठ निघाली.

पुढे कोणी तपासून देईल म्हणून एका कार्यालयात गेलो. "खाजगी जागेचं आमच्याकडे नाही, काहून फिरता?" म्हणून तिथून परत पाठवलं. तपासणारं कोणी नाही, हे धरूनच चाला.

ओढनळीचं तोंड अंगानं झाकलं गेलं तर गोष्ट आणखी वाईट. २० सेंमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी; वातावरणाच्या निम्म्या दाबाइतकी ओढ धरली तरी दीडशे किलोंवर जोर होतो. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही ७ वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या टबात अशीच अडकून दगावली. त्यावरून २००७ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक तलावांना न अडकवणारी झाकणं सक्तीची झाली.

तुमचं बांधकाम चालू आहे तोवर दोन ओढनळ्या घ्या, किमान ३ फूट अंतरावर, मध्ये व्हॉल्व न लावता एकाच पाइपाला जोडलेल्या. एक झाकली गेली तरी दुसरी पाणी ओढते. मला नंतर फरशी फोडावी लागली. झाकण फुगीर, तलावासाठीच बनवलेलं घ्या. त्यावर पाण्याचा वेग आणि वापराची वर्षं लिहिलेली असतात. स्क्रू दर आठवड्याला हातानं हलवून पाहा. झाकण तुटलं असेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

मोटर बंद करायचं बटण टाक्याच्या काठावरून दिसेल असं, पण पाण्यातून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवा. कोणी अडकलं तर ओढत बसू नका, आधी मोटर बंद करा. कात्री तिथेच खुंटीला टांगा. मोकळे केस, ओढणी घेऊन पाण्यात उतरू देऊ नका.

आणि शेततळ्यात पोरांना अजिबात सोडू नका, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की वर येता येत नाही. तुमच्या जाळीचा फोटो टाका, पाहून सांगतो.