सरकारी भावात पेट्रोल पंप चालवून मालकाला खरंच काही उरतं का?

विचारणाऱ्यांनी लिहिलंय की देवास रोडला घरची जमीन आहे, तेल कंपनीची पंप देण्याची जाहिरात आली आहे, घरातले म्हणतात पंप म्हणजे नोटांचं मशीन. मग भाव सरकारच्या हातात असताना मालकाला उरतं काय?

उरतं. पण "लिटरमागे चार रुपये, गुणिले रोजचा सेल" असा हिशोब मोबाइलवर करून दाखवणाऱ्यांना पंपातलं ओ की ठो कळत नाही. आमचा पंप इंदूरच्या बाहेर आग्रा–मुंबई रस्त्यावर आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. हा प्रश्न आमच्या घरात अनेक दिवाळ्या गाजलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कमिशन, म्हणजे लिटरमागे डीलरला मिळणारी रक्कम. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस ते पेट्रोलवर 65 पैशांनी आणि डिझेलवर 44 पैशांनी वाढलं. आता पेट्रोलला चार रुपयांच्या वर आणि डिझेलला तीनच्या आसपास पडतं. त्याच्या आधीची वाढ ऑगस्ट 2017 ची. मधल्या सात वर्षांत पोरांचे पगार वाढले, वीज वाढली, जनरेटरची देखभाल वाढली, कमिशन मात्र जवळपास तिथल्या तिथे. आणि भाव दहा पैशांनीही वर-खाली करायची आम्हाला सोय नाही. किराणावाला तूरडाळ महागली की दुसऱ्या दिवशी भाव वाढवतो. आमच्या मशीनवरचा आकडा कंपनीच्या ऑटोमेशननं, म्हणजे पंपाला जोडलेल्या संगणकानं, सकाळी सहाला बदलतो, आम्ही फक्त बघायचं.

कागदावर पेट्रोल 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झालं. जून 2017 पासून भाव रोज बदलायला लागले. पण नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022, पाच राज्यांच्या निवडणुका आटोपेपर्यंत, कच्चं तेल शंभर डॉलरच्या पुढे गेलं तरी भाव हलला नाही. याला नियंत्रणमुक्त म्हणायचं असेल तर म्हणा. सरकारी कंपन्या तोटा सोसून विकतात तेव्हा खासगी पंप मरतात. 2008 मध्ये रिलायन्सनं आपले चौदाशेच्या आसपास पंप याच कारणानं बंद ठेवले होते. त्यामुळे खासगी कंपनीची जाहिरात असेल तर दहादा विचार करा.

आता खरा मुद्दा, जो कुणीच सांगत नाही: टँकमधला माल.

3 नोव्हेंबर 2021, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. लक्ष्मीपूजनाला मांगलियाचा डेपो, जिथून आमचा माल येतो, बंद असणार म्हणून आम्ही दुपारीच टँकर खाली करून घेतला होता. रात्री टीव्हीवर बातमी आली की केंद्रानं उत्पादन शुल्क पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 10 रुपयांनी उतरवलं, सकाळपासून लागू. कंपनीचा मेसेज त्यानंतर आला. अर्ध्या तासात सेल थांबला. ढाब्यापर्यंत ट्रकांची रांग लागली, पण नोझलला कुणी लागेना. ड्रायव्हर खाली उतरून विचारायचे, "भैया, छह बजे नया रेट लगेगा ना?" ज्यांना पुढे जायचंच होतं ते दोनशे रुपयांचं घेत, सकाळपर्यंत पोचण्यापुरतं. घरी अभ्यंगस्नानाची वेळ आणि मी पंपावर, हातात डिपरॉड, म्हणजे टँकमधला माल मोजायची काठी. रॉड पुसला, पाणी ओळखायची पेस्ट लावली, टँकमध्ये सोडला: डिझेल 14 हजार लिटरच्या थोडं वर. सहा वाजता डिस्प्लेवरचा आकडा पडला आणि पहिला ट्रक पुढे आला.

आमच्याकडे व्हॅट उत्पादन शुल्कावरही बसतो, म्हणून पंपावर डिझेल 10 नाही, 12 रुपयांहून जास्त उतरलं. ते शुल्क डेपोतून माल निघतानाच आम्ही बिलात भरलेलं असतं, परत मिळत नाही. म्हणजे एका रात्रीत पावणेदोन लाखांच्या घरात गेले, तेही एकट्या डिझेलचे. तेव्हा डिझेलचं कमिशन अडीच रुपयांच्या आसपास होतं. हिशोब करा, 70 हजार लिटर डिझेल फुकट ओतल्यासारखं झालं. त्यावर राज्यानं लगेच व्हॅट 4 टक्क्यांनी उतरवला, त्याचा फटका उरलेल्या मालावर बसला.

भाऊबीजेला आत्या आणि आतोबा आले. आतोबा बँकेतून निवृत्त झालेले, पंप सुरू करताना त्यांनी थोडी रक्कम दिली होती आणि ती व्याजासकट केव्हाच फिटली आहे. जेवताना म्हणाले, "भाव वर्षभर चढत होते तेव्हा जुना माल नव्या भावानं विकलात, तेव्हा नाही आलात सांगायला!" वडील गप्प बसले. ते मोठ्यांसमोर बोलत नाहीत. मला ते वाक्य अजून सलतं, कारण सगळ्या गावाचं मत तेच आहे.

तर ऐका. भाव चढतो पैशांनी आणि उतरतो रुपयांनी. त्या ऑक्टोबरमध्ये रोज 35 पैसे वाढत होते. टँकमध्ये पाच हजार लिटर असेल तर दिवसाला पावणेदोन हजार. मार्च-एप्रिल 2022 मध्ये सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन 10 रुपये चढले, त्यात आम्हाला मिळालं, नाही म्हणत नाही. पण भाव चढणार हे कंपनीलाही कळतं. त्या दिवसांत इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, टाकला की लोड दोन-दोन दिवस येत नसे, क्रेडिट बंद, आधी पैसे मग गाडी. टँकच्या तळाशी राहिलेल्या मालावर किती कमावणार? जूनमध्ये तर मध्य प्रदेशात कितीतरी पंप कोरडे पडले. उलट कपात आली की टँक भरलेलाच असतो, कारण ती जाहीर होते सुट्टीच्या आदल्या रात्री. 21 मे 2022 ला शनिवारी संध्याकाळी पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपयांची कपात आली. रविवारी डेपो बंद, म्हणून शनिवारी प्रत्येक शहाण्या डीलरनं माल भरून घेतलेला. 31 मेला अनेक राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस माल उचललाच नाही तो उगाच नाही. आतोबा, तुम्ही हे वाचत असाल तर आमचं स्टॉक रजिस्टर ऑफिसातच आहे, रोजचा डिप, म्हणजे रॉडनं मोजलेला माल, त्यात आहे. कधीही या, चहा घेऊ आणि वाढीच्या दिवशी टँकमध्ये किती होतं, कपातीच्या दिवशी किती, ते दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघू.

ग्राहकाला स्वस्त मिळू नये असं मी म्हणत नाही. पण कपात करताना त्या दिवशीच्या डिपवर भरलेलं शुल्क डीलरला परत द्या, एवढं साधं काम आहे. ऑटोमेशनमुळे कंपनीला प्रत्येक टँकमधला माल स्क्रीनवर दिसतो. मनात असेल तर एका दिवसात होईल.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. महिन्याला 50 हजार लिटर पेट्रोल आणि एक लाख लिटर डिझेल जात असेल तर आजच्या कमिशननं पाच लाखांच्या आसपास हातात येतात. त्यातून दहा-बारा पोरांचे पगार, वीज, बाष्पीभवनातली घट, मशीनचं माप तपासणाऱ्या नापतौल विभागाची मोहोर, विमा, आणि मुख्य म्हणजे खेळत्या भांडवलाचं व्याज. पेट्रोलचा 12 हजार लिटरचा एक टँकर म्हणजे बारा लाखांच्या वर, पैसे आधी. ट्रान्सपोर्टरांना डिझेल उधार दिलंत तर व्याजच तुम्हाला खाईल. माझं मत स्पष्ट आहे: इतका सेल नसेल तर पंप म्हणजे स्वतःच्या जमिनीवर केलेली नोकरी. इतका सेल असेल तर घर चांगलं चालतं, आमचं चाललंय.

सेल मिळेलच हे धरू नका. देशातले पंप दहा वर्षांत दुपटीनं वाढून 2025 मध्ये लाखावर गेले, ट्रक मात्र त्याच ट्रकवाल्यांचे. मध्य प्रदेशचा कर जास्त, त्यामुळे पेट्रोल गुजरातपेक्षा लिटरमागे दहा-बारा रुपये महाग, आणि लांबचे ट्रक उत्तर प्रदेशातच टाकी फुल करून येतात. शिवाय पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल, टँकमध्ये पाण्याचा थेंब चालत नाही. पावसाळ्यात रोज सकाळी पेस्ट लावून बघणारा माणूस घरचाच हवा. जून 2025 मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या गाड्या डिझेलमधल्या पाण्यानं बंद पडल्या आणि पंप सील झाला, हे लक्षात असू द्या.

एक राहिलं. हे सगळं आमच्यासारख्या स्वतःच्या जमिनीवरच्या हायवे पंपाचं आहे. शहरातल्या किंवा कंपनीच्या जागेवरच्या पंपाचा हिशोब वेगळा पडतो, तिथल्या डीलरला विचारा. आणि अर्ज भरायच्या आधी तुमच्या जमिनीसमोर डिव्हायडरला कट आहे का ते बघून या. नसेल तर अर्धी वाहतूक तुमची नाहीच.