शहरातील प्लॅस्टिक कचऱ्यातून रोजगार निर्माण होऊ शकतो का?

नगरपालिकेने प्लॅस्टिकवर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना काढला, तर कचरा कमी होऊन तरुणांना कामही मिळेल का, असे आपण विचारले आहे. मिळेल, मात्र सुरुवात कारखान्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम करणारी माणसे आपल्या शहरात आजही असणारच. उकिरड्यावरून बाटल्या वेचणाऱ्या बायका आणि त्यांच्याकडून माल घेणारा भंगारवाला यांना वगळून आखलेली योजना नवा रोजगार देण्याआधी जुना हिरावून घेते.

मी पुण्यात राहतो, म्हणून इथलेच उदाहरण देतो. १९९३ साली येथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली आणि बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. या व्यवस्थेत दारोदार कचरा गोळा करण्याचे शुल्क घराघरांतून मिळते आणि सुका माल विकून येणारे पैसेही वेचकांचेच राहतात. मला यातील शुल्काचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण भंगाराच्या भावाचा भरवसा नसतो: कच्चे तेल उतरले की नवे प्लॅस्टिक स्वस्त होते आणि जुने प्लॅस्टिक वितळवून नव्या वस्तूंसाठी केलेल्या दाण्यांना गिऱ्हाईक मिळेनासे होते.

शिवाय सगळेच प्लॅस्टिक विकले जात नाही. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूचे डबे, दुधाच्या पिशव्या यांना भाव आहे. वेफर्सच्या पुड्यांत मात्र प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नसल्याने असा माल बहुधा सिमेंटच्या भट्टीत जाळण्यासाठी जातो. भाव वजनावर ठरत असल्यामुळे, तासभर वेचूनही हातात मूठभर वजन देणाऱ्या पातळ पिशव्यांकडे कोणी वळत नाही, आणि आमटी-भाताने बरबटलेली पिशवी तर धुण्याच्या खर्चातच संपते. (ओला आणि सुका कचरा एकत्र दाबून नेणाऱ्या गाड्यांवर नगरपालिका खर्च का करतात, हे मला आजवर उमगलेले नाही.)

प्लॅस्टिक वेष्टन वापरणाऱ्या कंपन्यांवर २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पुनर्प्रक्रियेची उद्दिष्टे बंधनकारक केली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु तेवढ्या प्लॅस्टिकवर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे या कंपन्या घेतात ती नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगांकडून. माल मुळात वेचणाऱ्या बाईपर्यंत त्यातील पैसा आपोआप पोहोचत नाही. म्हणून भाव न मिळणाऱ्या प्लॅस्टिकसाठी वेचकांना किलोमागे ठरावीक रक्कम देण्याची तरतूद नगरपालिकेने करारातच करावी.

तेव्हा आपल्या नगरसेवकांकडे पाठपुरावा करायचा असेल, तर पहिली मागणी वेचकांची नोंदणी, ओळखपत्रे आणि दारोदार संकलनाचे शुल्क यांची असावी. दुसरी, प्रत्येक प्रभागात पाणी, वीज व छप्पर असलेल्या वर्गीकरण शेडची. सुका माल दाबून त्याच्या गाठी बांधण्याचे यंत्र त्यानंतर घ्यावे, म्हणजे माल मोठ्या व्यापाऱ्याला थेट विकता येतो. दाणे करणाऱ्या यंत्राचा विचार, वर्षभर पुरेसा स्वच्छ आणि एकजिनसी माल जमतो आहे असे वजनाच्या नोंदी दाखवू लागल्यावरच करावा.