वाचकांचे प्रश्न : गुंतवळ, गोळ्या आणि तीन महिन्यांचा हिशोब

प्रश्न : ताई, नाव छापू नका प्लीज. वय २७, लग्नाला अडीच वर्षं झाली. दीड वर्षापासून मी मेडिकलमध्ये मिळतात त्या साध्या गर्भनिरोधक गोळ्या घेतेय, २८ची पट्टी असते ती, घरात फक्त नवऱ्याला माहितीये. डिसेंबरच्या सुरवातीला तो दोन महिने कंपनीच्या कामाला चेन्नईला गेला तेव्हा म्हटलं उगाच कशाला, म्हणून बंद केल्या, तो आल्यावर परत चालू केल्या. आणि आता मार्चपासून केस असे गळतायत की काय सांगू, मोरीची जाळी रोज तुंबते, परवा भाकरीत केस निघाला तर सासरे ताटावरून उठले. सासूबाई म्हणतात बोअरचं पाणी बाधलं. मोबाईलवर वाचलं की गोळ्यांनी टक्कल पडतं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे नवऱ्याचे मामाच, त्यांना कसं विचारणार? गोळ्या कायमच्या बंद करू का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : अगं थांब, आज लगेच काही बंद करू नकोस. उत्तर तुझ्याच पत्रात आहे, फक्त तू ते भलत्या महिन्यात शोधतेयस.

केसाचं असं असतं बघ, एकेक केस काही वर्षं वाढत राहतो, मग वाढ थांबते, मग साधारण तीन महिने तो नुसता मुळाशी बसून राहतो आणि मग गळतो. म्हणजे आज जो केस तुझ्या कंगव्यात आलाय त्याचं कारण आजच्या पाण्यात, शांपूत किंवा कालच्या गोळीत नाही, ते तीन महिन्यांमागे आहे. मार्चमधून तीन महिने वजा कर. काय आलं? डिसेंबर. तू गोळ्या बंद केल्यास तो महिना!

गोळीतलं इस्ट्रोजेन केसांना वाढीच्या अवस्थेत जरा जास्त वेळ धरून ठेवतं. ते अचानक बंद झालं की एरवी हळूहळू, पाळीपाळीने गळणारे केस सगळे एकदमच विश्रांतीला जातात आणि तीन महिन्यांनी एकदमच बाहेर पडतात. बाळंतपणानंतर बायकांचे केस जातात ना, तोच प्रकार. डॉक्टरी भाषेत टेलोजेन एफ्लुव्हियम. याने टक्कल पडत नाही, मूळ शाबूत असतं, त्याच मुळातून नवा केस येतो. रोज ५०–१०० केस तर सगळ्यांचेच जातात, तुझे सध्या त्याहून बरेच जात असणार म्हणून जाळी तुंबतेय. तरी एकदा आठवून बघ, त्याच सुमारास डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड असा मोठा ताप आला होता का, किंवा वजन कमी करायला जेवण तोडलं होतंस का, त्यानेही हेच होतं.

मग गोळी एकदम साधीभोळी का? तसंही नाही. बहुतेक गोळ्यांत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. स्वस्त गोळ्यांत, सरकारी माला-एनमध्येसुद्धा, प्रोजेस्टिन असतं लेव्होनॉरजेस्ट्रेल, आणि त्याचा गुण थोडासा पुरुषी हार्मोनकडे झुकणारा आहे. ज्यांच्या घराण्यातच आई-मावशीचा भांग विरळ आहे त्यांना तो कधीकधी बाधतो. पण तू दीड वर्षं घेतलीस आणि केस जागच्या जागी होते, त्यामुळे माझा संशय गोळीपेक्षा तुझ्या चालू-बंद करण्यावर जास्त आहे. आता घाबरून परत बंद केलीस तर पुढच्या तीन महिन्यांनी हेच सगळं पुन्हा, वर दिवस राहिले तर तो आणखी वेगळा घोर. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास! शिवाय महिनाभराहून जास्त खंड पाडून परत सुरू केली की रक्तात गुठळी होण्याचा जो थोडासा धोका असतो तो पुन्हा सुरवातीइतका होतो, म्हणून नवरा गावाला गेला की बंद आणि आला की चालू हे करायचंच नाही. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

गोळी बदलायचीच झाली तर डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रॉस्पिरेनोनवाल्या गोळ्या केसांच्या दृष्टीने बऱ्या, पण गुठळीचा धोका त्यांत थोडा जास्त. तेव्हा मेडिकलवाल्याला विचारून नाही, बीपी मोजून, अर्धशिशीचा त्रास असेल तर तो सांगून, डॉक्टरकडूनच बदलून घे.

आणि खरं सांग, पट्टीतल्या शेवटच्या सात चॉकलेटी गोळ्या फेकून देतेस ना? बऱ्याचजणी देतात. अगं त्या लोहाच्या असतात! आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी, त्यात लोह कमी पडलं की केस परत यायला आणखी रेंगाळतात. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी), फेरिटिन (साठ्यातलं लोह) आणि टीएसएच (थायरॉइड) एवढ्या तपासण्या कर, त्याआधी महागडी तेलं-सीरम नको. फेरिटिन आवर्जून सांग, हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि साठ्यातलं लोह रिकामं असतं असं खूपदा होतं.

मामांकडे जायची काही गरज नाही. तालुक्याच्या गावात दुसऱ्या कुठल्याही स्त्रीरोग डॉक्टरकडे जा, पेशंटची गोष्ट घरच्यांना न सांगणं डॉक्टरवर बंधनकारकच असतं. घरी सांग केसांसाठी थायरॉइड तपासायला चाललेय, खोटंही नाही ते. गळणं तीन ते सहा महिन्यांत ओसरतं, पण केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणीची जाडी परत यायला वर्ष धर. कपाळाशी बारीक उभे केस दिसायला लागले की समज गाडी रुळावर आहे. रोज गळलेले केस मोजत मात्र बसू नकोस, त्यापेक्षा महिन्यातून एकदा त्याच उजेडात भांगाचा फोटो काढून ठेव. आणि तोवर भाकरी करताना डोक्याला रुमाल, सासऱ्यांसाठी.

प्रश्न : बाळ साडेचार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. दीड महिना झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं. आता केस मुठीने येतायत. आई म्हणते इंजेक्शनमुळेच. दुसरं घेऊ का नको? केस यायला डोक्याला लावतात ते मिनॉक्सिडिल चालेल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : तुझं ते अंतरा इंजेक्शन. त्यानेही काहीजणींचे केस गळतात, नाही असं नाही, पण बाळंतपणाला चार-साडेचार महिने झालेत आणि नेमके याच सुमारास बऱ्याचजणींचे जातात, इंजेक्शन घेतलेल्यांचेही आणि न घेतलेल्यांचेही. गरोदरपणात न गळलेले केस आता उधारी फेडतायत म्हण. आईला तिचं बाळंतपण आठवायला सांग, तेव्हा कुठलं आलंय इंजेक्शन.

दुसरं घ्यायचं की नाही हे तूच ठरव, पण नको असेल तर त्याच्या तारखेच्या आत दुसरा उपाय सुरू झाला पाहिजे, मधे गॅप नको. साधी तांबी आहे, तिच्यात हार्मोन नसतं. किंवा छाया गोळी, तीही हार्मोनची नाही, लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, अंगावर पाजताना चालते. मिनॉक्सिडिल मात्र दूध सुटेपर्यंत नको. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, आशाताईंनी दिल्यात ना? डब्यात पडून असतील तर आजपासून काढ.

प्रश्न : वय ४१. पाळीला फार जायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी हार्मोनवाली तांबी बसवली. गुंतवळ फार निघत नाही, पण भांग रुंद होत चाललाय. केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गमीज खातेय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं प्रकरण वरच्या दोघींहून वेगळं आहे. गळणं कमी आणि भांग रुंद म्हणजे केस एकेक करून बारीक होतायत, याला वाट बघत बसून उपयोग नाही. त्या तांबीत लेव्होनॉरजेस्ट्रेलच असतं आणि केस विरळ होणं हा तिचा नोंदलेला दुष्परिणाम आहे, पण चाळिशीत हे तांबीशिवायही सुरू होतं, आणि आधी इतकं रक्त गेलंय म्हणजे लोहाचा साठाही बघायला हवा. तांबीने पाळी आटोक्यात आली असेल तर भांगासाठी ती घाईने काढू नका, आधी त्वचारोग डॉक्टरकडे जा. ते बहुतेक मिनॉक्सिडिल देतील, पहिले काही आठवडे उलट जास्त केस जातात तेव्हा घाबरून सोडू नका, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि बंद केलं की फायदाही जातो.

गमीज रक्त तपासायच्या आधी काही दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा, बायोटिनने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.