लहानपणी थोडासा खेळलेला 'हेरेटिक' इतक्या वर्षांनी परत लावावा का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी 'हेरेटिक'च्या सुरुवातीच्या काही लेव्हल्स खेळलात, पुढे तो राहून गेला, आणि आता परत लावला तर आठवणीतला गेम बिघडेल अशी धास्ती वाटते. मी नुकतीच यातूनच गेले आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: जरूर लावा. फक्त लहानपणची एक सवय सोडून द्या, ती म्हणजे वस्तू जपून ठेवायची.

आधी माझी गोष्ट सांगते. मामेभावाच्या कॉम्प्युटरवर 'हेरेटिक'ची शेअरवेअर प्रत होती. म्हणजे मूळ तीन भागांपैकी पहिला, 'सिटी ऑफ द डॅम्ड', फुकट आणि पुढचे विकत. पुढचे आमच्याकडे कधी आलेच नाहीत. बंदरावरची पहिली लेव्हल, तळघरं, कॅथेड्रल, हे सगळं मला पाठ होतं, पण दुसऱ्या भागाचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. त्यामुळे परत खेळायला बसले तेव्हा दोन तृतीयांश गेम मला कोराच होता.

हा डिसेंबर १९९४ चा गेम. रेव्हन सॉफ्टवेअरने 'डूम' या गाजलेल्या गोळीबाराच्या गेमचं इंजिन (म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) घेऊन, त्यात भर घालून तो बनवला आणि 'डूम'वाल्या आयडी सॉफ्टवेअरनेच तो बाजारात आणला. म्हणून बरेच जण त्याला 'डूमवर चढवलेला जादूटोण्याचा मुखवटा' म्हणतात. शस्त्रांकडे पाहिलं तर ते थोडंफार पटतंही. पण 'हेरेटिक'मध्ये तुमच्याजवळ एक पोतडी असते आणि माझ्या मते खरा गेम त्या पोतडीतच आहे.

'डूम'मध्ये वस्तू अंगाला लागली की तिथल्या तिथे वापरली जाते. इथे ती पोतडीत जाते आणि कधी काढायची ते तुम्ही ठरवता. क्वार्ट्झ फ्लास्क २५ हेल्थ देतो. केऑस डिव्हाइस अडचणीतून उचलून थेट लेव्हलच्या सुरुवातीला नेऊन ठेवतं. विंग्ज ऑफ रॅथ घेतले की काही काळ उडता येतं. मॉर्फ ओव्हम फेकलं की समोरचा राक्षस कोंबडी होतो (मोठ्या बॉसवर मात्र ते चालत नाही). आणि या सगळ्यांचा राजा टोम ऑफ पॉवर: ४० सेकंद तुमच्या प्रत्येक शस्त्राचा स्वभावच बदलतो. फिनिक्स रॉड एरवी स्फोटक गोळे सोडतो, टोम लावला की आगीचा लोट ओकतो. हेलस्टाफमुळे आकाशातून लाल पाऊस कोसळायला लागतो. साध्या काठीलासुद्धा जोर चढतो.

लहानपणी मी यातलं जवळजवळ काहीच वापरलं नाही. 'पुढे लागेल' म्हणून साठवत राहायचे, आणि फ्लास्क पोतडीत असताना मरायचे. आता नीट लक्ष दिल्यावर कळलं की गेमला ही साठवणूक मान्यच नाही. एका प्रकारच्या जास्तीत जास्त १६ वस्तू जवळ ठेवता येतात, पण लेव्हल संपली की प्रत्येकातली एकच पुढे येते. पंख तर तेवढेही येत नाहीत. नवा भाग सुरू केला की पोतडी रिकामी, हातात काठी आणि एल्व्हन वाँड ही साधी जादूची छडी. म्हणजे नऊ फ्लास्क घेऊन दाराबाहेर पडलात तर आठ वाया गेले. हे समजल्यावर माझा खेळच पालटला. बाहेर पडायच्या कळीपाशी पोहोचायच्या आत टोम वापरून टाकायचे, अडगळीतल्या दालनात मुद्दाम शिरायचं, ओव्हम उगाच एखाद्या गोलेम नावाच्या साध्या राक्षसावर फेकून बघायचं. इतका मोकळा खेळ मी लहानपणी कधीच खेळले नव्हते.

आवाजांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेडफोन लावूनच खेळा. लेव्हल्समध्ये मधूनच पावलं वाजतात, कुणीतरी हसतं, घंटा घुमते, आणि तिथे कुणीच नसतं. हे आवाज कुठल्याही शत्रूला जोडलेले नाहीत, नुसते वातावरणासाठी पेरले आहेत. मला ते माहीत होतं, तरी दुसऱ्या भागातल्या बर्फाच्या गुहेत मागे वळून पाहिलंच. त्या गुहेत जमीन घसरडी आहे. काही ठिकाणी वारा ढकलतो, पाणी ओढतं. त्यामुळे जागेला एक अंग येतं, ते चित्रांच्या बारकाव्याने येत नाही.

चित्रं अर्थात जुनी आहेत. ३२० बाय २०० चा पडदा, २५६ रंग, आणि शत्रू म्हणजे सपाट चित्रं. वर-खाली बघता येतं, पण ती खरी मान वळवणं नाही, चित्र नुसतं वर-खाली सरकवलेलं असतं, म्हणून कड्यावरून खाली पाहिलं की भिंती विचित्र ताणल्यासारख्या दिसतात. मला ते आवडायला लागलं. उडी मात्र नाही. पहिला अर्धा तास बोट सारखं स्पेसबारकडे जाईल.

खटकेल असंही आहे. काही लेव्हल्समध्ये पिवळी, हिरवी, निळी किल्ली शोधताना त्याच चार खोल्यांतून फिरावं लागतं. टॅब दाबून नकाशा उघडा, लाज बाळगू नका. फायरमेस हे शस्त्र तर लेव्हलमधल्या ठरावीक जागांपैकी कुठेतरी येतं आणि चारातून एकदा येतच नाही, म्हणून जुन्या आठवणीच्या जागी सापडलं नाही तर शोधत बसू नका. आणि 'डूम'चे चीट कोड इथे टाइप करू नका. अमर होण्याचा कोड टाकलात तर गेम तुम्हाला तिथेच मारतो, आणि शस्त्रांचा कोड टाकलात तर असलेली शस्त्रं काढून घेतो.

वेळ कमी असेल तर अवघडपणाच्या पाच पातळ्यांपैकी सर्वांत सोपी निवडा. तिथे मार निम्मा लागतो, मरायची वेळ आली की फ्लास्क आपोआप वापरला जातो, आणि नकाशात किल्ल्यांची जागा दिसते. मी मधली घेतली, आणि मला तीच बरोबर वाटली. आयर्न लिच हा बॉस पहिल्या भागाच्या शेवटी भेटतो, त्याची वावटळ मागे लागून तुम्हाला गरगर फिरवते. ती भीती सोप्या पातळीवर थोडी पातळ होते.

आवृत्तीचा प्रश्न पटकन मिटवते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओज आणि आयडी यांनी 'हेरेटिक' आणि त्याच्या पुढचा गेम 'हेक्सेन' एकत्र नव्याने आणले, त्यात 'फेथ रिन्यूड' हा नवा भागही आहे. काही जुळवाजुळव नको असेल तर तेच घ्या. जुना चेहरा हवा असेल आणि मूळ फाइल्स तुमच्याकडे असतील तर क्रिस्पी हेरेटिक वापरा, म्हणजे त्या फाइल्स आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. कायम धावण्याचा पर्याय चालू करा आणि माउसने वळा. लहानपणी बाणांच्या कळांनी वळायचो, त्या आठवणीपायी हाताला त्रास देऊ नका.

शेवटचा बॉस डिस्पॅरिल आधी सापावर बसून येतो. साप मेला की तो पायउतार होऊन लढतो, अनुयायी बोलावतो, जागा बदलत राहतो. फिनिक्स रॉड मारला तर कधी कधी गोळा लागायच्या आतच तिथून नाहीसा होतो, म्हणून त्याच्यावर मी ड्रॅगन क्लॉ वापरलं. तो कोसळला तेव्हा माझ्या पोतडीत एक टॉर्च तेवढी उरली होती.