रॅम्प आहे, पण चढता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी 19 वर्षांची असून ती व्हीलचेअर वापरते. आमच्या मार्गावर आता विजेवर चालणाऱ्या लो-फ्लोअर बसगाड्या धावतात आणि त्यांच्या दाराला रॅम्प आहे. वाहक तो उघडूनही देतात. पण चढ इतका उभा असतो की दोघांनी रेटूनही खुर्ची मागे कलंडू लागते. दोनदा आम्हाला बस सोडून द्यावी लागली. दोष खुर्चीचा की गाडीचा? तक्रार कुणाकडे करावी?
— एक आई

उत्तर : तुमच्या वर्णनावरून दोष गाडी थांबते त्या जागेचा दिसतो. लो-फ्लोअर बसच्या तळाची उंची रस्त्यापासून साधारण 40 सेंटीमीटर असते आणि घडीचा रॅम्प जेमतेम एक मीटर लांब असतो. इमारतींच्या रॅम्पसाठी 1:12, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने 40 सेंटीमीटर चढायला जवळजवळ पाच मीटर लांबी लागेल, आणि तुमच्या मुलीला तीच उंची एका मीटरमध्ये गाठावी लागते. तिथे दोघांचे बळ अपुरे पडले, यात नवल नाही. तोच रॅम्प 15 सेंटीमीटर उंचीच्या थांब्यावर टेकला, तर चढ 25 सेंटीमीटरचाच उरतो; गाडी थांब्याच्या बाजूला झुकवण्याची सोय असेल आणि चालकाने ती वापरली, तर आणखी पाच-सहा सेंटीमीटर कमी होतात. त्यासाठी बस थांब्याला अगदी लागून उभी राहायला हवी, आणि आपल्याकडे थांब्यापुढे रिक्षा व दुचाक्या उभ्या असल्यामुळे ती भर रस्त्यात थांबते. गाडी बदलली, थांबा मात्र तसाच राहिला, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

म्हणून परिवहन उपक्रम आणि महानगरपालिका या दोघांकडेही लेखी तक्रार करा. तीत तारीख, वेळ, बसचा क्रमांक, थांब्याचे नाव आणि बस कडेपासून किती अंतरावर थांबली, हे लिहा. छायाचित्र असल्यास उत्तम. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 41 मध्ये बसथांब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्याचा आधार घ्या. दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. त्यांनी चौकशी करून शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांच्या आत केलेली कार्यवाही त्यांना कळवावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात, सुगम्यतेचे किमान निकष निव्वळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावेत, असे बजावले आहे.

तोवर एक काळजी घ्या. रॅम्प थेट रस्त्यावर टेकवला असेल, तर एकट्याने खुर्ची चढवू नका, आणि उतरताना मुलीची पाठ रस्त्याकडे ठेवून खुर्ची उलटी, सावकाश उतरवा. सरळ उतरवल्यास ती पुढे झुकून पडण्याची भीती असते. आत गेल्यावर राखीव जागेतला पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नये, असे वाहकाला निःसंकोच सांगा.

शक्य झाल्यास आगार व्यवस्थापकांना भेटून, गर्दी नसलेल्या वेळी तुमच्या थांब्यावर मुलीसह एकदा चढ-उताराचा सराव करण्याची विनंती करा. त्या मार्गावरचे चालक आणि वाहक त्या वेळी हजर असावेत, एवढा आग्रह मात्र धरा.